वरचं ऑफिस

चौकातलं आमचं घर हायवेच्या इतकं कडेला होतं की मालाने भरलेला ट्रक गेला की फडताळातल्या ताटल्या वाजायच्या आणि आई बोलता बोलता त्या हाताने दाबून धरायची. पाहुण्यांना त्या घरात झोप लागत नसे. आम्हाला मात्र ट्रक थांबले की जाग यायची. तेव्हा द्रुतगती मार्ग झालेला नव्हता. मुंबई आणि पुण्याचं जे काही एकमेकांकडे जायचं ते आमच्या ओट्यापुढूनच जायचं. त्या रस्त्यामुळे आमच्या गावाला दिशा दोनच होत्या. खोपोली, खंडाळ्याचा घाट आणि घाटापलीकडचं पुणं हे सगळं ‘वर’. पनवेल आणि मुंबई ‘खाली’. हे घरात शिरल्यावरही सुटायचं नाही. मिठाचा डबा चुलीच्या वरच्या अंगाला, तांदळाची कणगी खालच्या अंगाला. बाबा मोहोपाड्याला केमिकल कंपनीत पाळीवर जायचे, तेही खाली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं, पण हातात पीठ असताना ती नुसत्या आवाजावरून सांगायची, ‘ही वरची एश्टी गेली, आता बाबा येतील.’ पूर्व कुठली असं कोणी विचारलं असतं तर आम्ही दोघी विचारात पडलो असतो. वर कुठे आणि खाली कुठे ते मात्र झोपेतही सांगितलं असतं.

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. आमच्या आळीत मुलींमध्ये पहिली, म्हणून चार दिवस मान मिळाला आणि पाचव्या दिवसापासून ‘आता पुढं काय’ सुरू झालं. रंग तयार करणाऱ्या एका कंपनीची जाहिरात बाबांनी कॅन्टीनमधल्या पेपरातून फाडून आणली. मुलाखत पुण्याला होती. बाबांना रजा मिळेना, म्हणून आई माझ्याबरोबर आली. पुण्यात स्टेशनजवळ ते ऑफिस होतं, खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. मी आत असताना आई बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसून होती. शिपायाने तिला न मागता पाणी दिलं, ही गोष्ट तिने पुढे महिनाभर येईल त्याला सांगितली. तेव्हापासून आमच्या घरात त्या जागेचं नाव पडलं ‘वरचं हापिस’. नोकरी लागल्याचं पत्र आलं, त्यात पहिलं वर्ष मुंबईच्या प्रयोगशाळेत काढायचं होतं. आई शेजारणीला म्हणाली, “वरच्या हापिसानं माज्या पोरीला खाली धाडली.” आम्ही सगळे हसलो होतो. त्या हसण्यातच पुढचा घोटाळा बसलेला होता, पण तेव्हा कोणाला कळणार?

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने पत्र्याची पेटी उघडली. मार्कशीट, डिग्री, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे अस्सल कागद एका निळ्या फायलीत आणि ती फाईल खताच्या धुतलेल्या पिशवीत. पिशवीवर हात ठेवून म्हणाली, “ह्ये हितंच ऱ्हातील. तू झेराक्स ने. तितं सतरा पोरी एका खोलीत, कुनी उचललं म्हंजे?” सतरा नव्हत्या, चारच होतो. पण मी वाद घातला नाही, कारण मलाही भीती होती. ते कागद मिळवायला मला पंधरा वर्षं लागली होती आणि आईला त्याहून जास्त. बरोबर तिने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कडव्या वालांची पुरचुंडी दिली. “मोड आन, सोल आन कर,” म्हणाली. हॉस्टेलवर चूल पेटवायला बंदी होती हे तिला सांगायची हिंमत मला झाली नाही. ते वाल वर्षभर माझ्या ट्रंकेत होते.

मुंबईत प्रयोगशाळा चेंबूरला आणि मुख्य ऑफिस फोर्टमध्ये. पहिल्या दिवशी नावनोंदणीला फोर्टला जावं लागलं. तिथे दिघेबाई होत्या, कर्मचारी विभागाच्या प्रमुख. पांढरी सुती साडी, चष्म्याला साखळी. त्यांनी विचारलं, “मूळ प्रमाणपत्रं आहेत ना?” मी म्हटलं, “हाय.” पलीकडचा टायपिस्ट मान वर करून म्हणाला, “हॅलो!” आणि खोलीतली सगळी माणसं हसली. दिघेबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “‘आहे’ म्हणावं. ऑफिसात बोलताना ‘आहे’, ‘नाही’. आणि घरी आहेत की इथे?” घरी आहेत म्हटल्यावर त्यांनी नावापुढे लाल टिंब दिलं आणि “मागू तेव्हा आणा” म्हणाल्या. मी तिथून बाहेर पडले ती कान तापलेले घेऊन. मला लाज वाटली. आजवर मी लोकांना सांगत आले की स्वतःच्या बोलण्याची वाटली. खरं तर माझ्या डोळ्यांपुढे बाकावर ताठ बसलेली आई आली होती, आणि लाज तिची वाटली होती. आता या वयात तरी खोटं कशाला लिहू?

त्यानंतर मी हॉस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून बोलायला शिकले. ‘आम्ही आहोत. तुम्ही नाही. कोण आहे?’ बाहेरच्या मुलींना वाटायचं मी स्तोत्र म्हणते. ‘ह’ चुकू नये म्हणून तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून घ्यायचं, मग बोलायचं. यामुळे मी कमी बोलते, गंभीर आहे, असा प्रयोगशाळेत समज झाला आणि तो पस्तीस वर्षं टिकला. तीन आठवड्यांत मी इतकी तयार झाले की स्वप्नातसुद्धा शुद्ध बोलू लागले. शब्द बदलले तसे त्यांचे अर्थही हळूच बदलत होते, तिकडे माझं लक्ष नव्हतं. चेंबूरला सगळेजण फोर्टच्या मुख्य ऑफिसला ‘वरचं ऑफिस’ म्हणायचे. वरून हुकूम आला, वर फाईल गेली, वरचे लोक. मीही म्हणू लागले.

एका गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेच्या साहेबांनी हाक मारली, “सुमन, वरच्या ऑफिसातून फोन.” दिघेबाई होत्या. सात जणींना घेतलं होतं, त्यांची नेमणूक पक्की व्हायची होती. ज्यांचे मूळ कागद तपासून झाले त्यांचीच नावं उद्या मोठ्या साहेबांपुढे जाणार होती. साहेब दुपारी एकला परगावी निघणार, मग पंधरा दिवस नाहीत. “तुमचं एकटीचं राहिलंय. उद्या दहाला फाईल घेऊन या. नाहीतर माझा नाइलाज आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कठोर माणसाला विनवता येतं.

घरी फोन नव्हता. हायवेवर इस्माईलचाचांचा एसटीडी बूथ होता, आमच्या घरापासून चार दुकानं सोडून. गावातल्या निम्म्या घरांचे निरोप तेच घ्यायचे, पाठकोऱ्या कागदावर लिहायचे आणि दुकान बंद करून जाताना घरोघर वाचून दाखवायचे. एक शब्द इकडचा तिकडे करायचे नाहीत. त्यांना त्याचा अभिमान होता. संध्याकाळी हॉस्टेलजवळच्या बूथवरून मला लाइन लागली तेव्हा माझ्यामागे पाच-सहा माणसं उभी होती आणि एकजण दारावर टकटक करत होता. मी घाईघाईने सांगितलं, “चाचा, लिहा. उद्या दहाच्या आत वरच्या ऑफिसात माझी निळी फाईल पाहिजे. बाबांना घेऊन यायला सांगा. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही. मी दारातच उभी राहते.”

चाचा लिहिता लिहिता थांबले. “वरच्या ना?”

“हो चाचा, वरच्याच!”

मी जरा चिडूनच म्हटलं. त्या माणसाने बरोबर जिथे विचारायला हवं तिथेच विचारलं होतं.

शुक्रवारी नऊला मी फोर्टच्या ऑफिसच्या दारात होते. दगडी कमान, आत लिफ्ट, बाहेर बूट पॉलिशवाला. पहिली खालची एस्टी आमच्याकडून पहाटे निघते, म्हणजे बाबा साडेनऊपर्यंत यायला हवेत, असा माझा हिशेब. दहा वाजले. साडेदहा वाजले. बाकीच्या सहा जणी वर जाऊन, सह्या करून खालीही आल्या. त्यातली एक माझ्याकडे पाहून नको इतकं प्रेमाने हसली. प्रत्येक खाकी पँटवाल्या माणसात मला बाबा दिसत होते. हायवेवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात उशीर म्हणजे एकच गोष्ट येते. लहानपणापासून आम्ही ब्रेकचा लांब ओरडा ऐकला की हातातलं टाकून ओट्यावर यायचो, आणि ओरड्यानंतर आवाज झाला की पुरुष माणसं पळायची. त्या दारात उभी राहून मी तोच ओरडा पुन्हा पुन्हा ऐकत होते. अकराला मला नोकरी नको झाली होती. बाबा नुसते कोपऱ्यावरून येताना दिसावेत, फाईल नसली तरी चालेल, इथवर मी आले.

साडेअकराला समोरच्या बूथवरून चाचांना फोन लावला. “बाबा निघाले का?”

“बाबा कुटं? त्यांना डबल पाळी पडली गं. कंपनीतनं आलेच नाय काल. तुजी आय गेली.”

“आई? एकटी?”

“पहाटं पयल्या एश्टीनं. मीच बसवून दिली. वरच्या एश्टीत.”

“वरच्या? चाचा, पुण्याच्या?”

“मंग? तूच बोललीस ना, वरच्या हापिसात. मी इचारलं बी तुला. ह्यो कागद हाय माज्याकडं.” मग त्यांचा आवाज पार उतरला. “सुमे, तू खालीच हायस काय गं?”

बाबा घरी असते तर एका मिनिटात त्यांच्या लक्षात आलं असतं. आईच्या लेखी वरचं ऑफिस जगात एकच होतं. ती त्या बाकावर बसून आली होती. लेक म्हणाली दारात उभी राहते, म्हणजे लेक तिथे असणार. म्हणून आयुष्यात एकदाच, तेही माझ्याबरोबर, पुण्याला गेलेली माझी आई, पाटी वाचता न येणारी, फाईल घेऊन घाट चढून गेली होती आणि मी तिथे नव्हते. पोचली असेल का? पोचली असेल तर काय समजली असेल? मी जिना चढून वर गेले.

दिघेबाईंच्या टेबलाशी मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्या आधी म्हणाल्या, “ऑफिसचा फोन घरगुती कामाला नसतो,” आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनीच नंबर फिरवला. पुण्याला लाइन लागायला पाऊण तास गेला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. लागली तेव्हा त्या नुसतं ‘हं, हं’ करत ऐकत राहिल्या आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाल्या, “सकाळपासून एक बाई बाकावर बसल्यात म्हणे. फाईल मागितली तर पदराखाली धरतात. मुलीच्याच हातात देणार म्हणतात.” मग फोनमध्ये, “असं करा, तुम्हीच मूळ कागद तपासा, शिक्का मारा आणि मला फॅक्स करा. साहेब एकला निघतायत. त्या बाईंना फोनवर घ्या, इथून मुलगी बोलेल.” आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

टायपिस्टने हात थांबवले होते. चार टेबलांवरची माणसं माझ्याकडे पाहत होती. मी वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं, सवयीने, आणि बोलले, “हॅलो, आई, मी सुमन बोलते आहे. थोडा गैरसमज झाला आहे. तू फाईल त्या साहेबांकडे दे. ते तपासून परत करतील.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग आईचा आवाज, मोठा, अनोळखी माणसाशी बोलताना काढायची तसा. “कोन बोलताय तुमी?”

“आई, मी सुमन आहे.”

“बाई, तुमी हापिसातल्या ना? तुमच्यावर इस्वास नाय असं नाय. पन पोरीनं सांगितलंय, कुनाच्या हातात देऊ नको. ती दारात उबी ऱ्हाते बोलली. मी सकाळधरनं बगतेय, ती नाय. माजी पोर कुटं हाय ते सांगा आदी.”

तिचा आवाज शेवटी फाटला. तेव्हा मला कळलं की मी जे दारात उभी राहून ऐकत होते तेच ती बाकावर बसून ऐकत होती, माझ्यापेक्षा तास-दीड तास जास्त. दिघेबाईंनी घड्याळाकडे बोट केलं. पावणेएक. मी “आई, मीच आहे गं” असं आणखी एकदा म्हटलं आणि तिने “सुमीला द्या” असंच उत्तर दिलं. मला आठवतंय, मी टायपिस्टकडे पाहिलं. तो पेन्सिल चावत होता. मग मी भिंतीकडे तोंड केलं.

“आये,” मी म्हटलं, “आये, मी हाय गं. सुमी. मी वर नाय, खाली हाय. खालीच हाय मी. माज्या तोंडातनं चुकीचं गेलं. तू रडू नको. दे त्यांना ती फाईल, चांगली मानसं हायेत, पानी दिलं नव्हतं का तुला त्यांनी?”

किती मोठ्याने बोलले कोण जाणे. मागे खुर्चीसुद्धा हलली नाही.

“सुमे?” आई म्हणाली. “आगं मेले, कुटं हायस तू! खाली हायस तर मला वर कशाला धाडलीस?” आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता कोणाला तरी म्हणाली, “घ्या, घ्या ती फाईल, ही बोलली आता. हीच हाय.” मग पुन्हा फोनवर, “जेवलीस?”

“नाय.”

“बग. मी तुज्यासाटी वालाचं बिरडं आनलंय. डबा हितं आन तू तितं.”

एक वाजायला सहा मिनिटं असताना फॅक्सच्या यंत्रातून माझी डिग्री आली, काळपट, तिरकी, शिक्का पुसटलेला. दिघेबाईंनी ती यादीला टाचली, यादी घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि परत येऊन लाल टिंबावर निळ्या शाईची बरोबरची खूण केली. मला काहीच म्हणाल्या नाहीत. आपल्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि टायपिस्टला म्हणाल्या, “चला, कामं करा.” त्या दिवसानंतर त्यांनी मला ‘आहे’, ‘नाही’ शिकवलं नाही. मी मात्र शिकत राहिले. नोकरीत चढले, प्रयोगशाळेची प्रमुख होऊन निवृत्त झाले. माझी लेक कुठेही गेली की फोनवर नकाशा पाठवते, त्यावर निळा ठिपका सरकत असतो. तिला वर-खाली काही नाही. तो ठिपका सरकताना पाहिला की मला बरंही वाटतं आणि बाकावर बसलेली आईही आठवते.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन मी घरी गेले. आई पुण्याहून सुखरूप आली होती. तिथल्या शिपायानेच तिला एस्टीत बसवलं होतं. इस्माईलचाचा दोनदा येऊन माझ्यापुढे तो कागद नाचवून गेले, त्यांची चूक नाही हे माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. बाबा हसत होते. मी हातपाय धुऊन चुलीपाशी बसले. मी ‘आये, भूक लागली हाय’ असं म्हटलं, मुद्दाम, आणि ते मुद्दाम म्हटल्यासारखं वाटलं. आईने भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेरून भरलेला ट्रक गेला, ताटल्या वाजल्या, तिने पिठाच्या हाताने त्या दाबून धरल्या.

“सुमे,” ती म्हणाली, “पयली बोलली ती बाई कोन गं?”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हटलं, “हापिसातली.”

“चांगली बोलत व्हती. लई शिकल्याली वाटली.” तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तिला सांग, मी फाईल दिली नाय म्हनून राग मानू नको. मी वळकलं नाय तिला.”

“सांगते,” मी म्हटलं.